मिझेरेरे : एका समूहगानाच्या ध्वनिमुद्रणाची लय, पट्टी आणि भाव

आमच्या निवासी शाळेत दर शनिवारी सायंकाळी, वंदना आटोपल्यानंतर आणि जेवणाची घंटा होण्यापूर्वी, संगीत मंडळाचा श्रवणवर्ग भरतो. गाणे शिकण्याआधी ऐकणे शिकावे लागते, या समजुतीने तो सुरू झाला. या वर्गात आम्ही अभंग ऐकवले, ख्याल ऐकवले, वामनदादा कर्डकांची गीते आणि शाहिरी पोवाडे ऐकवले. अधूनमधून परदेशी संगीतही ऐकवले. या सर्वांत ज्या एका ध्वनिमुद्रणाविषयी विद्यार्थ्यांनी सर्वांत अधिक प्रश्न विचारले आणि जे शिकवताना आमच्या हातून एक ठळक चूकही झाली, त्याचा पाठ आम्ही या स्मरणिकेसाठी लिहून काढला आहे. वर्गात नसलेल्यांनाही तो उपयोगी पडावा, अशी अपेक्षा आहे.

हे ध्वनिमुद्रण मार्च १९६३ मधील आहे. इंग्लंडमधील केंब्रिज येथील किंग्ज कॉलेजच्या प्रार्थनामंदिरात तेथील गायकवृंदाने डेव्हिड विलकॉक्स यांच्या दिग्दर्शनाखाली ग्रेगोरियो अलेग्री या इटालियन संगीतकाराची 'मिझेरेरे' ही रचना गायली आणि आर्गो या कंपनीने तिची तबकडी काढली. ध्वनिमुद्रणाची लांबी बारा मिनिटांहून थोडी अधिक आहे. त्यात एकही वाद्य नाही. गाणारे आहेत ते काही प्रौढ पुरुष आणि शाळकरी मुलगे. त्यांतील रॉय गुडमन हा मुलगा तेव्हा बारा वर्षांचा होता, आणि पुढे तो व्हायोलिनवादक व संगीतदिग्दर्शक म्हणून प्रसिद्धीस आला. त्या दिवशी तो रग्बीच्या मैदानावरून तसाच, चिखलाने माखलेल्या गुडघ्यांनिशी गायला उभा राहिला होता, अशी आठवण सांगितली जाते. आमच्या वर्गातील कबड्डीपटूंना ही आठवण इतर सर्व माहितीपेक्षा जास्त आवडली, हे नमूद करण्यास हरकत नाही.

मूळ रचना बरीच जुनी आहे. अलेग्री यांचा जीवनकाल १५८२ ते १६५२. १६२९ साली ते रोममध्ये पोपच्या खास गायकवृंदात दाखल झाले आणि त्यानंतरच्या दशकात केव्हातरी त्यांनी ही रचना केली. तिचे शब्द त्यांचे नव्हेत. ज्यू आणि ख्रिस्ती या दोन्ही परंपरांना पूज्य असलेल्या स्तोत्रसंहितेतील एक्कावन्नावे स्तोत्र त्यांनी घेतले. लॅटिन पाठाचा पहिलाच शब्द 'मिझेरेरे', म्हणजे 'दया कर'; त्यावरूनच रचनेला हे नाव पडले. ईस्टरपूर्वीच्या आठवड्यात रोमच्या सिस्टीन प्रार्थनामंदिरात, एका विशिष्ट उपासनेच्या शेवटी ती गायली जाई. या उपासनेत त्रिकोणी दीपवृक्षावरील पंधरा मेणबत्त्या एकेक करून विझवीत जातात, शेवटची तेवढी न विझवता आडोशाला नेऊन ठेवतात. म्हणजे ही रचना अंधारात ऐकण्यासाठीच होती. मायकेलँजेलोने रंगविलेले छत आणि भिंत डोक्यावर व समोर असूनही त्या घटकेला श्रोत्यांना त्यातले फारसे काही दिसत नसणार.

आता रचनेची घडण पाहू, कारण ती समजल्याखेरीज लय आणि पट्टी यांचा विचार करता येणार नाही. स्तोत्राचे वीस भाग पाडलेले आहेत. पहिला भाग पाच आवाजांचा वृंद गातो, म्हणजे पाच निरनिराळ्या सुरावटी एकाच वेळी परस्परांशी जुळवून घेत चालतात. दुसरा भाग पुरुष एकाच सुरावटीत, आपल्याकडील पठणासारखा म्हणतात. तिसरा भाग चार आवाजांचा दुसरा, लहान वृंद गातो. चौथा पुन्हा पठण. पाचव्यापासून हेच चक्र परत सुरू होते. असे पाच फेरे होतात आणि अगदी शेवटी दोन्ही वृंद एकत्र येऊन नऊ आवाजांत समारोप करतात. दर वेळी शब्द बदलतात, सुरावट बदलत नाही. बारा मिनिटांच्या या गायनातील प्रत्यक्ष संगीतद्रव्य वेगळे काढले तर ते दोन-तीन मिनिटांत संपेल, इतके थोडे आहे.

प्रथम लयीविषयी. पहिल्या श्रवणाच्या वेळी तबला शिकणारा एक विद्यार्थी सवयीने मांडीवर मात्रा मोजू लागला आणि दुसऱ्या भागातच त्याचा हात थांबला. "सर, सम कुठे आहे?" असे त्याने विचारले. सम नाहीच, हे त्याला लवकर पटेना. या गायनात पुष्कळशी अक्षरे एकाच स्वरमेळावर, बोलण्याच्या ओघात म्हटली जातात. जेथे वाक्य विसावते तेथेच सुरावट हलते, वळणे घेते आणि थांबते. त्यामुळे लय येते ती शब्दांच्या ऱ्हस्व-दीर्घातून आणि श्वासातून. ठोक्याचा तिच्याशी संबंध नाही. आपण पाली गाथा म्हणतो तेव्हा कोणी ताल धरत नाही, तरी शंभर मुले एकत्र श्वास घेतात आणि एकत्र थांबतात. ती लय ज्याने अनुभवली आहे त्याला ही लयही समजण्यास अडचण येऊ नये. (आमची सायंवंदना मात्र जेवणाचा वास येऊ लागला की द्रुतगतीला लागते. हा दोष आमच्याही ध्यानात आहे.)

मात्रा नसल्या तरी गती असतेच, आणि ही गती कोणी ठरवली असा प्रश्न उरतो. अलेग्रींनी ती लिहून ठेवलेली नाही. विलकॉक्स यांनी ती संथ ठेवली, आणि याचे एक कारण त्या वास्तूत आहे, असे आम्हांस वाटते. किंग्ज कॉलेजचे प्रार्थनामंदिर १४४६ ते १५१५ या काळात बांधले गेले. त्याची लांबी २८९ फूट, रुंदी अवघी ४० फूट आणि उंची सुमारे ८० फूट आहे. वरचे छत पंख्यासारख्या पसरलेल्या दगडी फासळ्यांचे आहे. अशा लांब, उंच, दगडी दालनात उच्चारलेला स्वर गाणाऱ्याने सोडल्यावरही काही सेकंद घुमत राहतो. गायकाने घाई केली तर मागच्या स्वरमेळाचा घुमारा पुढच्यावर सांडेल आणि सारे गढूळ होईल. म्हणून वाक्य संपल्यावर गायकवृंद थांबतो, आणि त्या थांबण्याच्या अवधीत दगड गात असतात. विद्यार्थ्यांनी हा अवधी लक्षपूर्वक ऐकावा. तेथे गाणारा कोणी नसतो, तरी गाणे चालू असते.

हे पडताळून पाहण्यासाठी आम्ही एक साधा प्रयोग केला. हेच ध्वनिमुद्रण सभागृहात ऐकवले आणि नंतर तीच सुरावट काही मुलांकडून वसतिगृहाच्या खोलीत, गाद्या आणि कपडे पसरलेले असताना, 'आ'कारात त्याच संथ गतीने गाऊन घेतली. गाद्यांनी घुमारा गिळून टाकला. विराम पोकळ वाटू लागले आणि मुले आपोआप गती वाढवू लागली. त्यांना कोणी तसे सांगितले नव्हते. मग रिकाम्या पाण्याच्या टाकीजवळ नेऊन पुन्हा गाऊन घेतले, तेव्हा ती आपणहून संथ झाली. या दुसऱ्या प्रयोगात हसणेच अधिक झाले, परंतु मुद्दा प्रत्येकाच्या ध्यानात राहिला.

आता पट्टी. या प्रकरणात आम्हांस थोडे अधिक थांबावे लागेल.

हार्मोनियमवर पांढरी पाच हा षड्ज धरून ध्वनिमुद्रणाबरोबर वाजविल्यास आरंभीचा पाच आवाजांचा भाग त्याच्याशी जुळतो. गंधार कोमल आहे, म्हणजे पाश्चात्त्य परिभाषेत ही 'जी मायनर' पट्टी. चार आवाजांचा लहान वृंदही याच पट्टीत सुरू होतो. परंतु त्याच्या गायनाच्या मध्यातच काहीतरी घडते. पायाखालची जमीन एकाएकी उचलली जावी तसा सारा स्वरमेळ वर सरकतो, पांढरी पाचवरून षड्ज वरच्या पांढरी एकवर जातो, आणि बालगायकाचा आवाज एका झेपेत तार षड्ज गाठून तेथून पायरीपायरीने खाली उतरतो. आपल्या भाषेत सांगायचे तर मध्यमालाच षड्ज मानून पुढचे गाणे सुरू होते. या सर्वोच्च स्वराची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे १०४६ आहे. हार्मोनियमच्या मधल्या पांढरी एकच्या नेमकी चौपट, म्हणजे दोन सप्तके वर. बारा मिनिटांत हा स्वर पाच वेळा येतो. तो पहिल्यांदा येतो तेव्हा वर्गातील माना वर होतात, आणि हे आम्ही दर वर्षी पाहिले आहे.

या स्वराबरोबर आम्ही काही वर्षे एक गोष्टही सांगत आलो. गोष्ट अशी : पोपच्या आज्ञेने ही रचना सिस्टीन मंदिराबाहेर नेण्यास बंदी होती. ११ एप्रिल १७७० रोजी चौदा वर्षांचा मोझार्ट वडिलांबरोबर तेथे गेला, त्याने ती एकदा ऐकली आणि बिऱ्हाडी परतून संपूर्ण स्मरणाने उतरवून काढली. दोन दिवसांनी पुन्हा जाऊन चुका दुरुस्त केल्या. एवढे सांगून आम्ही म्हणत असू, "बघा, हा तार षड्ज तुमच्याच वयाच्या मुलाने ऐकला आणि लक्षात ठेवला."

यातील पहिला भाग बहुतांशी खरा आहे. मोझार्टच्या वडिलांनी त्याच आठवड्यात पत्नीला लिहिलेल्या पत्रात हा प्रसंग आहे. शेवटचे वाक्य मात्र चूक आहे. मोझार्टने तो स्वर तेथे ऐकला नाही, कारण रचनेत तो त्या वेळी अशा रीतीने नव्हताच.

संगीताच्या इतिहासाच्या अभ्यासकांनी याचा जो माग काढला आहे तो थोडक्यात असा. सिस्टीन मंदिरात वाद्य नसे, त्यामुळे पट्टी वाद्याला बांधलेली नव्हती. गायकांच्या सोयीने ती वरखाली होऊ शकत असे. १८३१ साली मेंडेल्सझोन हा जर्मन संगीतकार रोममध्ये होता. त्याने ऐकलेले गायन मूळ लेखनापेक्षा मध्यमाइतके वर होते आणि त्याने ते तसेच टिपले. पुढे १८८० मध्ये इंग्लंडमध्ये ग्रोव्ह यांच्या संगीतकोशाच्या पहिल्या आवृत्तीत या रचनेवरील लेख छापला गेला, तेव्हा नमुन्यादाखल दिलेल्या स्वरलेखनात एका भागाचा पूर्वार्ध एका पट्टीतील आणि पुढचा तुकडा त्या उंच पट्टीतील, असे दोन वेगळे तुकडे एकमेकांना जोडले गेले. नंतरच्या अभ्यासकांनी आणि संपादकांनी ते जोडकाम खरे मानून पुढे चालवले. १९५१ साली वूस्टरच्या कॅथीड्रलचे ऑर्गनवादक राहिलेले आयव्हर अ‍ॅटकिन्स यांनी त्यावर आधारित इंग्रजी शब्दांची आवृत्ती प्रसिद्ध केली, आणि तीच किंग्ज कॉलेजच्या वृंदाने १९६३ मध्ये गायली. ज्या क्षणी जमीन उचलल्यासारखी वाटते, तो क्षण अलेग्रींच्या लेखणीतून आलेला नाही. तो कोशातल्या एका पानावरील सांध्यातून आला आहे. सांधा काढून तो तुकडा मूळ जागी खाली आणला, तर तार षड्जाच्या जागी पांढरी पाचच उरते, आणि ती कोणत्याही चांगल्या बालगायकाला सहज गाता येते.

हे आम्हांस कळले तेव्हा ते वर्गात सांगावे की नाही, यावर आमच्यात दोन मते होती. एक मत असे की, मुलांना त्या स्वराचा जो आनंद होतो तो कशाला हिरावून घ्यायचा? दुसरे मत असे की, ज्या शाळेत दररोज सकाळी मुसावादापासून दूर राहण्याचे शील आम्ही मुलांकडून म्हणवून घेतो, तेथे शिक्षकांनीच चुकीची गोष्ट गोड आहे म्हणून चालू ठेवणे शोभत नाही. दुसरे मत मान्य झाले. पुढच्या शनिवारी आम्ही वर्गासमोर आपली चूक सांगितली, मागच्या वर्षांच्या माजी विद्यार्थ्यांनाही कळवण्याचे ठरवले (हे काम अजून पुरे झालेले नाही, हा लेख त्याचाच एक भाग समजावा), आणि ध्वनिमुद्रण पुन्हा लावले.

ते संपल्यावर आठवीतील एका विद्यार्थिनीने विचारले, "मग तो स्वर खोटा आहे का?" आम्ही तत्काळ उत्तर दिले नाही, आणि आजही ते एका वाक्यात देता येईल असे वाटत नाही. अलेग्रींचा म्हणून पाहिला तर तो खरा नाही. बारा वर्षांच्या मुलाने मार्च महिन्यातल्या एका दिवशी त्या दगडी छताखाली तो लावला, हे मात्र तितकेच खरे आहे. दुसऱ्या एकाने सुचवले की बंदिशीत एखाद्या गायकाने चुकून लावलेला स्वर पुढे घराण्याची खूण होऊन बसतो, तसे हे असेल. सूचना चांगली होती, पण पुरती लागू पडत नाही. घराण्यात तो स्वर कोणाच्या तरी गळ्यातून आलेला असतो, येथे तो छापखान्यातून आला. मुलांची चर्चा बराच वेळ चालली आणि आम्ही ती अडवली नाही.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती आपल्या संगीतपरंपरेच्या जवळची आहे. सिस्टीन मंदिरातील कागदावर जे लिहिलेले होते आणि गायक जे गात, त्यांत मोठे अंतर होते. लिखित स्वर अगदी साधे; त्यावर हरकती, मुरक्या, आंदोलने घालण्याची रीत गायक एकमेकांकडून शिकत आणि बाहेर सांगत नसत. व्हिएन्नाच्या सम्राटाने पोपकडून या रचनेची प्रत मागवून घेतली, पण आपल्या दरबारात ती गाऊन घेतल्यावर ती इतकी सामान्य वाटली की आपल्याला फसवून दुसरीच रचना पाठवली, अशी त्याची समजूत झाली, असे एक जुने आख्यान आहे. १७७१ मध्ये लंडनमध्ये चार्ल्स बर्नी यांनी ती छापली, तीही साधीच. अलंकारांसह ती छापून निघाली १८४० मध्ये, पिएत्रो आल्फिएरी या रोममधील पाद्र्याच्या हातून. ज्या मुलांनी एखादी बंदीश वहीत उतरवून घेतली आणि नंतर गुरूंसमोर गाताना वहीत काहीच नव्हते असा अनुभव घेतला आहे, त्यांना व्हिएन्नाच्या सम्राटाची निराशा समजावून सांगावी लागत नाही.

सिस्टीन मंदिरात तो उंच आवाज कोणाचा होता, हेही आम्ही वरच्या वर्गांपासून लपवले नाही. तेथील वृंदात स्त्रियांना गाण्यास मनाई होती. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून ती उंच सुरावट अशा पुरुषांकडून गाऊन घेतली जाई, ज्यांचा आवाज बालवयातच शस्त्रक्रिया करून फुटू दिला गेला नव्हता. ही प्रथा विसाव्या शतकाच्या आरंभी बंद झाली. त्यांतील आलेसान्द्रो मोरेस्की याचा आवाज १९०२ आणि १९०४ मध्ये ध्वनिमुद्रित झाला असून तो १९२२ मध्ये वारला. देवाला आर्त हाक घालण्यासाठी मुलांच्या देहाची अशी हानी केली गेली, हे वाचून आमच्या विद्यार्थ्यांना जो राग आला तो योग्यच होता. अलेग्रींच्या रचनेचे सौंदर्य मान्य करताना ही बाब बाजूला सारू नये, असे आमचे मत आहे.

आता भावाकडे वळू. 'मायनर' पट्टी म्हणजे दुःख, असे सोपे सूत्र पाश्चात्त्य संगीताच्या प्राथमिक पुस्तकांत आढळते आणि आमच्या विद्यार्थ्यांनीही ते पाठ केले होते. कोमल गंधार आला की करुण रस, इतका सरळ हिशेब असता तर काफीत होरी कशी गायली गेली असती? तेथेही गंधार कोमल, निषाद कोमल, आणि गाणे रंगांचे. म्हणून केवळ पट्टीवरून भाव सांगण्याचे काम आम्ही वर्गात करू देत नाही. शब्द पाहावे लागतात, प्रसंग पाहावा लागतो, आवाजाची जात पाहावी लागते.

शब्द असे आहेत की, बोलणारा स्वतः अपराधी आहे. परंपरा हे स्तोत्र दावीद राजाच्या तोंडी घालते. त्याने आपल्या एका सैनिकाच्या पत्नीचा अभिलाष धरला आणि त्या सैनिकाला युद्धात मुद्दाम अशा ठिकाणी उभे करविले की तो मारला जावा. नाथान नावाच्या संदेष्ट्याने त्याला एक बोधकथा सांगून त्याचा अपराध त्याच्याच तोंडून वदवला. त्यानंतरचे हे शब्द. म्हणजे येथे शोक नाही. कोणाच्या जाण्याचे दुःखही नाही. स्वतः केलेल्या कृत्याकडे पाहण्याची वेळ आलेल्या माणसाचे हे बोलणे आहे, आणि तो माणूस सत्तेवर बसलेला आहे. "त्या सैनिकाच्या बाजूने कोणी गाणे लिहिले का?" असे एका विद्यार्थ्याने विचारले. हा प्रश्न आम्हांस स्तोत्राच्या भावाच्या अगदी गाभ्याशी जाणारा वाटला, कारण संपूर्ण स्तोत्रात त्या सैनिकाचे नाव नाही.

दुसरा प्रश्न अपेक्षितच होता : ते क्षमा कोणाकडे मागतात आणि तो कसा देणार? आपल्या परंपरेत कृत्याचा मळ दुसरा कोणी धुऊन काढील, ही कल्पना नाही, हे आम्ही स्पष्ट सांगितले. तरीही आपण केलेले आपणच उघड्या डोळ्यांनी पाहावे, ही गोष्ट परकी नाही, आणि श्रवणासाठी तेवढा दुवा पुरेसा आहे. ज्या श्रद्धेने ते गातात ती आपली नसताना तिचा आदर राखून ऐकणे शक्य आहे काय? आमच्या वर्गाचा अनुभव असा की शक्य आहे, मात्र शब्दांचा अर्थ चुकवून, 'सूर छान आहे' एवढ्यावर थांबून ते साधत नाही.

हा भाव १९६३ च्या ध्वनिमुद्रणात कसा उतरला आहे? आश्चर्य असे की गायकांनी तो कोठेही दाखवलेला नाही. आवाजात कंप जवळजवळ नाही, हुंदका नाही, शब्द ओढूनताणून म्हटलेले नाहीत. इंग्रजी प्रार्थनाग्रंथातील भाषांतर ते एखादे निवेदन वाचावे तसे गातात. पाच आवाजांचा वृंद एक भाग गातो, पुरुष पठण करतात, मग दुरून आल्यासारखा लहान वृंद उमटतो आणि तो मुलगा वर जाऊन परत येतो. पहिल्यांदा तो वर जातो, ती ओळ धुऊन स्वच्छ करण्याची याचना करणारी आहे. दर फेरीला तोच चढ, तोच उतार. तिसऱ्या फेरीपर्यंत ऐकणाऱ्याला ठाऊक झालेले असते की स्वर आता येणार, आणि तो आला की सुटल्यासारखे वाटते, पण पुढच्याच क्षणी पुरुषांचे कोरडे पठण पुन्हा सुरू होते. मागणे संपलेले नाही. आमच्या मते या ध्वनिमुद्रणाचा भाव त्या पुनरावृत्तीत आहे. तार षड्जाची कीर्ती काहीही असो.

तुलनेसाठी आम्ही आणखी दोन ध्वनिमुद्रणे ऐकवतो. १९८० मध्ये 'द टॅलिस स्कॉलर्स' या वृंदाने पीटर फिलिप्स यांच्या दिग्दर्शनाखाली ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजच्या मंदिरात ही रचना लॅटिनमध्ये गायली. तेथे तो उंच स्वर अ‍ॅलिसन स्टॅम्प या गायिकेचा आहे. पट्टी तीच, सांधाही तोच, तरी भाव निराळा : बालस्वरातील अजाणपणाच्या जागी एका जाणत्या माणसाची स्थिरता येते. मुलींनी एकमुखाने हे ध्वनिमुद्रण पसंत केले, आणि अपराधाची जाण असलेले शब्द जाणत्या आवाजातच शोभतात, असे कारणही दिले. आम्हांस ते पूर्णपणे पटले नाही, पण खोडूनही काढता आले नाही. दुसरे ध्वनिमुद्रण २०१३ मधील, 'द सिक्स्टीन' या वृंदाचे. त्यात हॅरी ख्रिस्टोफर्स यांनी एकाच गायनात रचनेचा प्रवास मांडला आहे. आरंभीचे भाग साधे, पुढे क्रमाक्रमाने अलंकार वाढत जातात आणि तो प्रसिद्ध तार षड्ज उशिरा येतो. ज्यांना आमच्या वर्गातील वाद स्वतःच्या कानांनी सोडवायचा असेल त्यांनी हे अवश्य ऐकावे, मात्र १९६३ च्या ध्वनिमुद्रणानंतर. आधी ऐकले तर तो एक अभ्यासपाठ वाटेल.

ऐकण्याची रीत आम्ही पुढीलप्रमाणे ठेवली आहे. सभागृहातील दिवे मालवावेत. जुन्या रोममध्ये हे अंधारात ऐकले जाई म्हणून, आणि अंधारात मुले एकमेकांकडे पाहून हसत नाहीत म्हणूनही. पहिल्यांदा काहीही सांगू नये. दुसऱ्यांदा केवळ विराम ऐकावेत. तिसऱ्यांदा एकाने हार्मोनियमवर पांढरी पाच अगदी हलकेच धरून ठेवावी, म्हणजे षड्ज सरकतो तो क्षण सर्वांना जाणवतो. धरलेला स्वर त्या ठिकाणी एकाएकी परका वाटू लागतो. त्यानंतरच स्तोत्राचा अर्थ आणि कोशातील सांध्याची हकीकत सांगावी. सर्व एकाच शनिवारी उरकू नये.

शेवटच्या नऊ आवाजांच्या भागाविषयी लिहायचे राहिले. तेथे दोन्ही वृंद प्रथमच एकत्र येतात. तो भाग अपेक्षेपेक्षा लहान आहे; आता काही मोठे होणार असे वाटत असतानाच आवाज हळूहळू विसावतात, उंच स्वर तेथे पुन्हा येत नाही. रोममधील उपासनेत यानंतर अंधारातच पुस्तके आपटून मोठा आवाज करीत, लपवलेली मेणबत्ती परत आणीत आणि सारे मुकाट्याने निघून जात. केंब्रिजच्या ध्वनिमुद्रणात फक्त दगडी छतातला घुमारा विरत जातो. गेल्या वेळी आमच्या सभागृहात तो विरत असतानाच भोजनगृहाची घंटा झाली. एरवी घंटेबरोबर दाराकडे धाव घेणारी मुले त्या दिवशी थोडा वेळ तशीच बसून राहिली, आणि मग कोणीतरी उठून दिवा लावला.